जितके तुकडे तितकी फुलं

हिलाल पाटलाच्या नजरेतून डाग सुटत नाही, हे सुरतेच्या अख्ख्या पांडेसऱ्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला हिलाल स्वतः सांगे! गोष्ट सत्त्याण्णव सालची. मिलमध्ये छापून आलेल्या साड्या तपासायचं काम त्याच्याकडे. टेबलावरून साडी सरसर पळायची आणि मध्येच हिलालचा हात आपटायचा, "थांब! डाग!" खिशात धागे मोजायचं पितळी भिंग कायम. लग्नाच्या पंगतीत जिलेबीही तो त्यातून बघतो, असं लोक म्हणत.

त्या वर्षी शेठने ऑफिसात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली. आत बारीक जीवांची वस्ती असलेले समुद्रातले 'जिवंत' दगड, दोन केशरी-पांढरे मासे आणि एक गुलाबी पोवळं. आठवड्याने शेठ मुलीकडे नैरोबीला निघाले, दोन महिन्यांसाठी.

"हिलालभाई, टाकी तू संभाळजे! पोवळ्याला काही झालं नाही पाहिजे. पछी आखाजीची आठ दिवस रजा, पक्की!"

रजा! आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशच्या लेकींचा माहेरी जायचा सण. हिलाल उड्या मारतच घरी गेला. त्याची बायको मालतीबाई मुलीला शेजारी बसवून साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. घरबसल्या तेच काम ती करी. तिने कात्री खाली ठेवली.

"तीन आखाज्या मी एकटीच माहेरले गऊ. वहिनी इचारस, जावई शेतस का पळी ग्यात? औंदा तुम्ही संगे नाही उनात तर मीबी जाणार नाही!"

"पक्कं शे! शेठनी जबान दिधी!"

चार दिवसांनी टाकी बसवणारे बाबुराव मुंबईहून एक नवा दगड घेऊन आले. "हे बघा, दगडाबरोबर बारीक जीव फुकट प्रवास करतात. महिनाभर हा खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत ठेवा, रोज बघा, मगच टाकीत सोडा. चहाच्या रंगाचं, लांब बोटांचं फूल दिसलं तर हात लावू नका. मला फोन करा!"

बाबुरावांची पाठ वळली आणि हिलाल हसला. महिना? तासाला पन्नास साड्या पास करणाऱ्या माणसाला एका दगडासाठी महिना? त्याने भिंग लावलं, दगड पाच मिनिटं फिरवून पाहिला आणि ओरडला, "पास!" सवयीने शिक्काही मारणार होता, दगड ओला म्हणून वाचला आणि थेट टाकीत गेला.

आठव्या दिवशी पोवळ्याशेजारी मुगाएवढं फूल उगवलं. रंग चहाचा. बोटं लांब.

फोन करावा, तर आपण डागी माल पास केला हे कबूल करावं लागणार! आणि साडीवर धागा लोंबताना दिसला तर चेकर काय करतो? हिलाल घरी धावला, मालतीबाईची कात्री आणली आणि बाह्या सरसावून कच्चकन फूल छाटलं. तुकडे पाण्यात कापसासारखे उडाले. काम फत्ते!

दहा दिवसांनी फुलं सात. सातही छाटली. पुढच्या दहा दिवसांत चाळीस! तेव्हा मात्र घाबरून सुट्टीच्या दिवशी त्याने मालतीबाईलाच ऑफिसात नेलं. तिच्याइतका चपळ हात साऱ्या चाळीत नव्हता.

"हाई काय शे?"

"लोंबता धागा समज. काप!"

दोन तासांत टाकी इस्त्री केल्यासारखी साफ. मासे तेवढे भेदरून दगडामागे बसले. मग दोघांनी चहा मागवला. मालतीबाई शेठच्या खुर्चीत बसली आणि लाजत लाजत खुर्ची एकदा गरकन फिरवली. बारा वर्षांच्या संसारात दोघं असे निवांत कधी बसलेच नव्हते. ती दुपार हिलालला अजून आठवते.

तीन आठवड्यांत फुलं इतकी, की दगड दिसेना! काचेवरसुद्धा फुलं! पोवळं आक्रसून मनुक्याएवढं झालेलं. आखाजी आठ दिवसांवर. हिलालने बूथवरून मुंबईला फोन लावला.

"कापलंत?" बाबुराव किंचाळले. "अहो, जितके तुकडे तितकी फुलं! ही फुलं खाणारी एक कोळंबी मिळते, पण आणायला महिना लागेल. तोवर कात्री लांब ठेवा!"

ऑफिसात परतून हिलाल टाकीसमोर बसला. तोही सुरतेत असाच आला होता, शिंदखेड्याहून कांद्याच्या ट्रकवर, फुकट. त्याच्यामागे मेहुणा लोटू, लोटूमागे आनंदा, करता करता एका खोलीत अकरा जण! त्याला त्या फुलांचा रागही धड येईना.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. टाकीपुढे उभे राहिले आणि त्यांचा आ वासलेलाच राहिला.

हिलालने मान खाली घातली. "शेठ, ही कीड आहे. दगड मी पास केला. चूक माझी." नोकरीच्या चौदा वर्षांत 'चूक माझी' हे शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारले.

"कीड?" शेठ खदखदून हसले. "अरे, केटलां फूल, किती फुलं! चेकर छे ने तू, तुला देवाच्या फुलातही डाग दिसतो!"

"पण शेठ, पोवळं..."

"ते लाजतंय! हिलालभाई, तुझ्या हाताला जश छे! असा माणूस मी आठ दिवस सोडू? टाकी कोण बघणार? रजा कॅन्सल!"

हिलालने तीनदा कबुली दिली. शेठने तीनदा पाठ थोपटली.

आज ती मिलही नाही आणि टाकीही नाही. पण उधना स्टेशनावर भुसावळच्या गाडीत पिशव्या चढवणारा हिलाल जुन्या लोकांना आठवतो. 'मीबी जाणार नाही' हा शब्द मोडून मालतीबाई मुलीला घेऊन हिलालशिवायच निघाली होती. माहेरचा भाऊ घ्यायला आल्यावर करते काय!

"वहिनीले काय सांगशी?" हिलालने खिडकीशी येऊन हळूच विचारलं.

"सांगसू, जावई फुलं सांभाळी राहिनात."

गाडी हलली. मालतीबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आनं कात्री घरमा धुंडू नका! मनी पिशवीमा शे!"