अंबिकाचा जिन

मुलगी बघायला आलेले मुदखेडचे पाहुणे ताटल्यांमधल्या फोडणीच्या चुरमुऱ्यांना, सुशीलाला, हात घालणार, एवढ्यात आतल्या खोलीतून फोनवर बोलणाऱ्या अंबिकाचा आवाज आला, "जीन बंद केला, की पिल्लाला झटके सुरू झाले, सर!"

लातूरच्या त्या बैठकीत सगळ्यांचे हात ताटल्यांवरच थांबले. अंबिकाच्या वडिलांनी, शंकरप्पांनी, दचकून आतल्या दाराकडं बघितलं. लेक हैदराबादेत उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायची आणि त्या उंदरांपायीच आधीची स्थळं पळाली होती. हे स्थळ मात्र जमायलाच हवं होतं, कारण मुलगा, वीरेश, तिला मनापासून आवडला होता.

वीरेशच्या आईनं, गुरम्मांनी, ताटली खाली ठेवली. "जिन? पोरीला जिन लागलाय?"

"न्हाई हो ताई," शंकरप्पा घाईनं म्हणाले, "तो समद्यांच्यातच असतो. माझ्यात हाय, तुमच्यात हाय."

"माझ्यात?" गुरम्मांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"हाव. आईबापाकडून येतो."

बोलून गेल्यावर शंकरप्पांनी जीभ चावली.

"म्हंजे खानदानी हाय!" गुरम्मा उठल्याच. "वीरेश, चप्पल घाल."

आत अंबिकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "गप्प करणाऱ्या पेशींना तोच वाट दाखवतो, सर. तो नसला तर मेंदूला आवरायला कोणी राहतच न्हाई!"

"ऐका! त्याच्याशीच बोलून राहिली. वर त्याला सर म्हणून राहिली!"

"अंबिके, फोन ठेव!" शंकरप्पा ओरडले.

अंबिका बाहेर आली. उंबऱ्यात वीरेश एका पायात चप्पल घालून उभा होता. "आई म्हणते, तुला जिन लागलाय," तो पुटपुटला. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, हे भूत न्हाई," ती म्हणाली. "आईच्या पोटात मेंदू घडतो, तवा कोणत्या पेशीनं काय व्हायचं, कुठं जायचं, हे जीन सांगतो. काही पेशींचं काम बाकीच्यांना गप्प बसवायचं. त्याच बिघडल्या तर लेकरांना फिट येते. ते कसं होतं, हे मी शोधून राहिले." तिनं वीरेशकडं बघितलं. "लग्नानंतरही शोधणार."

"म्हंजे बाहेरची बाधा न्हाई?"

"न्हाई."

"नुसतं शिक्षण?"

"हाव."

गुरम्मा मटकन बसल्या. "मग लई अवघड झालं. भूत असतं तर उतरवलं असतं. शिक्षण कसं उतरवावं?"

वीरेशनं पायातली चप्पल काढली. "नको उतरवू, आई. मला हाय तशीच चालते."

गुरम्मांनी लेकाकडं बघितलं, मग अंबिकाकडं, आणि ताटली पुन्हा उचलली.

"घ्या," त्या शंकरप्पांना म्हणाल्या, "जिन लागला यालाबी!"