फाटकावरचा हुकूम

निवृत्त हवालदार हिंमतरावांना सिनेमात एक वाक्य मिळालं होतं. ते ऐकायला गावाकडची सगळी भावकी तालुक्याच्या थिएटरात जाणार होती.

सिनेमा सिनेमावाल्यांचीच टर उडवणारा. शूटिंग नोएडातल्या एका बंगल्यात. त्यातला अर्धवट डोक्याचा दिग्दर्शक पहारेकरी हिंमतरावांना बजावतो, "मेरे हुक्म के बिना कोई अंदर नहीं आएगा!" आणि हिंमतराव म्हणतात, "जी साहब, मच्छर भी नहीं!"

वाक्य पहिल्याच झटक्यात झकास झालं. सिनेमातला दिग्दर्शक, म्हणजे ते काम करणारा नट, लगेच विमानतळाकडे निघून गेला. खरे दिग्दर्शक अविनाश फोनवर बोलत बाहेर गेले आणि परत येतात तो फाटकाला कुलूप. किल्ली हिंमतरावांच्या खिशात.

"चाचा, खोलो."

"हुक्म नहीं है."

"अरे, डायरेक्टर मैं हूँ!"

"ड्यूटी उन साहब ने लगाई. उतारेंगे भी वही."

ज्याने पहाऱ्यावर उभं केलं, त्यानेच उतरवायचं. पलटणीत सत्तावीस वर्षं हिंमतराव याच नियमावर जगले होते.

जेवणाची गाडी आली, अडली. निर्माते आले, अडले. आतले उपाशी, बाहेरचे उन्हात. नटाचा फोन बंद. तो विमानात बसला होता.

"चाचा, वो एक्टिंग थी!"

"एक्टिंग उनकी होगी. ड्यूटी मेरी है."

"तुम्हारा डायलॉग काट दूँगा!"

हिंमतरावांच्या डोळ्यांपुढे भावकी उभी राहिली. "काट दीजिए. फाटक नहीं खुलेगा."

तेवढ्यात हिंमतरावांच्या पत्नी तानूबाई आल्या. धन्याचा डबा घरीच राहिला म्हणून बिचाऱ्या दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने आल्या होत्या.

"अहो, ही माणसं उन्हात का ताटकळलीत?"

"हुकूम न्हाई."

"उघडा आधी."

हिंमतरावांनी उघडलं. तानूबाईंच्या मागून दिग्दर्शक, निर्माते आणि छोले-भात असे सगळे आत गेले. आत कॅमेरामन पोट धरून हसत होता. त्याने कॅमेरा बंदच केला नव्हता.

सहा महिन्यांनी भावकीने सिनेमा पाहिला. हिंमतरावांचं वाक्य खरंच कापलं होतं. पडद्यावर त्यांची नुसती पाठ, आणि गजांपलीकडे तानूबाई. त्यांच्या "उघडा आधी"ला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी.

पुढच्या आठवड्यात द्वारकेच्या फ्लॅटची बेल वाजली. हिंमतरावांनी दार इंचभर किलकिलं केलं. बाहेर एक माणूस फाइल घेऊन उभा.

"तानूबाईजी को लेने आए हैं. नई फिल्म है."

"किसके हुक्म से?"

आतून वेणी माळता माळता तानूबाई म्हणाल्या, "माझ्या."

हिंमतरावांनी दार सताड उघडलं.