दोन अँटीव्हायरसांचा मानपान

आमच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये फक्त तीन गोष्टी टाकायच्या, असं मी ठरवलं होतं. हे मी घरात मोठ्याने सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी मोठ्याने काही सांगत नाही. (वर्गात हजेरी घेताना बाई माझ्या नावाशी थांबतात आणि चष्मा वर करून मी आहे का ते बघून घेतात.)

वर्षभरात एकदाच बोलले. "नववीचं हस्तलिखित यंदा कॉम्प्युटरवर करायचं का? कुणाकडे आहे?" असं म्हसकर बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे बुधवारी येणार आहे." सगळा वर्ग मागे वळला. मुलांचे निबंध आणि कविता मिळून चोवीस पानं माझ्या हातात आली. सोमवारी सकाळी झेरॉक्स काढून द्यायची. बाईंनी ती बातमी मुख्याध्यापकांनाही सांगून टाकली.

बुधवारी कोपरच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ फोडला, आणि मी वाचनालयातल्या मासिकावरून केलेली यादी काढली: मराठी फॉन्ट, लिहिण्याचा एक प्रोग्रॅम आणि एक अँटीव्हायरस. पहिल्या दोन गोष्टी मासिकाबरोबरच्या फुकट सीडीवर मिळाल्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझी दहा पानं टाइप झाली होती. मला वाटायला लागलं होतं की मीही कुणीतरी आहे.

तेवढ्यात लोक कॉम्प्युटर बघायला यायला लागले. बाळ बघायला येतात तसे. आणि बाळ बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही.

शेजारच्या कांताकाकूंनी पडद्यावर मासे पोहणारा एक प्रोग्रॅम आणला. ("यात पापलेट नाही का गं?" असं आईने विचारलं.) मग कल्याणहून दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाबा त्यांना दाजी म्हणतात, म्हणून आम्हीही. त्यांनी अँटीव्हायरसची सीडी आणली होती.

"फुकट आहे, पण ऐरागैरा नाही," दाजी म्हणाले. "आमच्या ऑफिसातला माणूस याच्याशिवाय मशीन चालूच करत नाही."

माझी यादी पूर्ण झाली. मी खरंच हसले.

शनिवारी ठाण्याहून, खोपटवरून, दौलतमामा आला. आईचा मोठा भाऊ. एसटी डेपोत आहे. त्यानेही सीडी आणली होती. त्यातही अँटीव्हायरसच होता, दुसरा.

"मामा, एका कॉम्प्युटरमध्ये दोन नकोत, असं मासिकात लिहिलंय," मी म्हणाले. (हे फक्त कीबोर्डने ऐकलं.)

"दाजींचं घातलंस ना? मग माझंही घाल," मामा म्हणाला. "फुकटचं आणलंय म्हणून कोपऱ्यात टाकू नकोस हां. का आमचं नेहमी मागाहूनच?"

हे 'मागाहून' आमच्या घरात जुनं आहे. आईबाबांच्या लग्नात दाजींना फेटा आधी बांधला आणि मामाला नंतर. त्याला सतरा वर्षं झाली. फेटे कुठे गेले कुणाला ठाऊक नाही, पण 'नंतर' अजून घरातच आहे.

मामाचा अँटीव्हायरस घातला. मग बाबांनी मला बाजूला घेतलं.

"चंदू, मशीन चालू केल्यावर आधी कुणाचं उघडतं?"

"दाजींचं."

"अगं, मेलो! उद्या दोघं जेवायला आहेत. दोन्ही एकदमच उघडतील असं कर."

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान हलवली आणि तसं केलं.

रविवारी दाजी एका खुर्चीवर, मामा दुसऱ्या खुर्चीवर, मधे कॉम्प्युटर. माझी एकोणीस पानं तोवर त्याच्या पोटात होती. मी बटण दाबलं. दोन्ही अँटीव्हायरस एकदम उघडले, अगदी बरोबरीने. बाबांनी आईकडे बघून सुस्कारा सोडला. मग पडदा लाल झाला.

"काय लिहिलंय ते?" मामाने विचारलं.

मी वाचलं. "दाजींचं म्हणतंय, मामाचं घातक आहे."

"हळू वाच गं!" बाबा ओरडले. माझ्या आयुष्यात मला हे पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

"आणि माझं काय म्हणतंय?"

"तुझं म्हणतंय, घरात घुसखोर शिरलाय. हाकलून देऊ का?"

"बघा! मशीनलासुद्धा कळतं!" मामा म्हणाला.

"माझ्याने आधी ओळखलंन्," दाजी म्हणाले.

दोन्ही चौकटींत एकच प्रश्न होता: काढून टाकू का? माउसचा बाण हलत होता. मी कसाबसा तो एका 'हो'वर नेला.

"खबरदार!" बाबा कुजबुजले. "दाजींचं काढलंस तर ताई राखीला यायची नाही."

"दादाचं काढलंस तर मी भाऊबीज कुणाकडे करू?" आई म्हणाली.

मी बाण मधोमध आणून ठेवला. तो तिथेच गोठला. त्यानंतर काहीच हललं नाही. ना मासे, ना माझी एकोणीस पानं. तीन वेळा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा दोघं एकदम उठले, एकमेकांना घुसखोर म्हणाले आणि थिजले. खुर्च्यांवरचे दोघंही तसेच. ते जेवले, पण एकमेकांकडे पाठ करून. कोलंबीचं कालवण मात्र दोघांनीही दोनदा घेतलं.

मी ओट्याशी जाऊन थोडी रडले. मग काळं पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून हाताने लिहायला बसले. एकेक अक्षर सावकाश, रेघेला रेघ लावून. अठराव्या पानाशी मनगट दुखायला लागलं. चोवीस पानं झाली तेव्हा बोटं पेन सोडेनात.

सोमवारी मी बाईंच्या टेबलावर झेरॉक्स ठेवली. खरं सांगायचं म्हणून तोंडही उघडलं. पण बाई आधीच पानं उलटायला लागल्या होत्या.

"अगं, किती सुबक फॉन्ट आहे हा! कुठे मिळाला?"

"घरीच," मी म्हणाले.

"विकतचा?"

"नाही. फुकट."

"वा! मग सहावी, सातवी आणि आठवीचंही तूच कर. तुला काय, बटणंच दाबायची." मी मान हलवली. बाईंनी शेवटची पानं डोळ्यांजवळ नेली. "फक्त एक कर. ही शेवटची सहा पानं उगाच तिरक्या अक्षरांत टाकलीस. एवढी हौस नको हं, चंद्रभागा. सरळ करून आण."