लवूभावजींचा लोकरीचा कोट

भर मे महिन्यात लोकरीचा कोट घालून ओटीवर बसणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आमच्याकडच्या उकाड्यात बैलसुद्धा सावली सोडत नाही, आणि आमचे लवूभावजी गळ्यापर्यंत गुंड्या लावून घाम गाळत होते. मी विचारलं तर म्हणाले, "वैनी, विलायतेच्या थंडीची सवय करतोय."

"थंडी तिकडं हाय. हितं सवय कशी व्हायची?"

"कोटाची तरी होईल."

लवूभावजी माझे धाकटे दीर. लांज्यापासून हातखंब्यापर्यंत बुद्धिबळात त्यांना हरवणारा उरला नव्हता, हे मीही मानते. आमच्या घरात डोक्याला तोटा नाहीच, अडचण ते वापरण्याची. त्यात भावजींचं नाव होतं ते प्यादेमातीसाठी. वजिरानं नाहीतर हत्तीनं राजा मारणं त्यांना हलकं वाटे. शेवटचा घाव प्याद्याचाच हवा. आमच्या बाजूला अशालाच खरा खेळाडू म्हणतात.

बंदरावर सुलेमानभाई आंब्याचे व्यापारी. त्यांच्याकडे मुंबईचे एक पाहुणे उतरले होते, विलायतेत खेळून आलेले. त्यांनी निरोप धाडला, "मला एक डाव हरवा, माझ्या खर्चानं विलायतेला नेतो. जगज्जेता व्हायची लायकी आहे की नाही, तिथंच कळेल." डाव शनिवारी सकाळी आणि दुपारी पावसाआधीची शेवटची बोट.

झालं. गावानं भावजींना डावाआधीच जगज्जेता करून टाकलं. युसुफ खलाशानं आपला कोट दिला, शेजारच्या भागोजीनं पत्र्याची पेटी दिली, हारसुद्धा आला. आणि भावजींची बायको गोदा, सहावा महिना लागलेली, चुलीपुढं मुकी बसलेली. गेले की वर्षभर यायचे नाहीत.

"तुझ्या मनात काय हाय ते बोल," मी म्हटलं.

"त्यांचं नाव व्हावं, आक्का. पन बारशाला बाप हवा."

शनिवारी सकाळी भावजी माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, "मुंबईवाल्याला भिऊन वजिरानं मारू नका. लोक म्हनतील, लवूचा धीर सुटला. जिंकाल तर प्याद्यानंच जिंका, नायतर या घराचं नाव सांगू नका."

भावजींची छाती कोटात मावेना.

त्यांची शिदोरी घरी राहिली होती. निदान मी सगळ्यांना तसंच सांगितलं आणि बंदर गाठलं. सुलेमानभाईंच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांचा राजा कोपऱ्यात अडकलेला. त्यांनी चष्मासुद्धा काढून पुसायला घेतला होता.

युसुफ कानाशी लागला, "लवू, वजीर एक घर सरकव. खेळ खलास."

"वजिरानं काय, पोरंबी मारतात," म्हणत भावजींनी प्यादं पुढं ढकललं.

पाहुण्यांनी चष्मा परत चढवला. त्यांचंही एक प्यादं दुसऱ्या कडेनं निमूट चाललं होतं. भावजींना वजिराची संधी तीनदा आली, तीनदा त्यांनी ती सोडली. शेवटी पाहुण्यांचं प्यादं पलीकडच्या टोकाला आधी पोचलं.

"घोड्याच्या घरात गेलं. होऊ दे घोडा," भावजी बेफिकीर.

पाहुण्यांनी आपला मेलेला वजीर उचलून तिथं ठेवला.

"हे काय? घोड्याच्या घरात घोडाच होतो."

"तुमच्याकडे. विलायतेत वाटेल ते होता येतं. विलायतेच्या नियमांनी खेळू का, असं सुरुवातीलाच विचारलं होतं, तुम्ही मान हलवली होती."

मान हलवली होती खरी, युसुफनंही पाहिलं होतं. पण ती कोटाची लोकर गळ्याला टोचत होती म्हणून.

दोन चालींत भावजींचा राजा मेला. पाहुणे बोटीवर चढताना सुलेमानभाईंना म्हणाले, "यांना मी नाही हरवलं, दुसरं कुणी हरवील असंही वाटत नाही. पण वजिराला हात न लावता हे जिंकणार कसे?"

घरी येताना भावजी कोट खांद्यावर टाकून चालत होते. चढणीवर एकदम थांबले.

"वैनी, सकाळी प्याद्याचं तूच बोललीस."

"बोलले."

"मी वजिराला हात लावनार नाय, ह्ये तुला ठाऊक हुतं?"

"गोदेला पन ठाऊक हुतं."

भावजी खाली समुद्राकडं बघत राहिले. बोटीचा धूर तेवढा दिसत होता.

"मग मी जगज्जेता व्हनार का नाय, ते तरी सांग."

मी शिदोरी त्यांच्या हातात दिली. "व्हाल की, भावजी. जगात तुमाला हरवनारा कुनी नाय. जी हाय ती घरात हाय. चला, भाकरी खा."