नेव्हिलचं एकपातेली राज्य

"रोजचं रात्रीचं जेवण हा मुळात स्वयंपाकाचा प्रश्नच नाही. तो नियोजनाचा प्रश्न आहे. बायकांनी उगाच त्याची कला करून ठेवलीय," असं नेव्हिल पॅस्कोने सोमवारी भर जेवणात जाहीर केलं आणि त्याच दमात विचारलं, "आपलं मोठं पातेलं कुठं असतं गं?"

नेव्हिल मिरांगा गावच्या दूध कारखान्यात कामगारांच्या एका पाळीचा प्रमुख होता. वर्षानुवर्षं साठलेली तीन महिन्यांची रजा त्याने एकदम घेतली होती, ती मासेमारी करायला. पण नदीला पाणी कमी होतं आणि घरात सुधारणेला वाव फार. त्यामुळे गेले काही दिवस तो संध्याकाळी बायकोच्या, म्हणजे ग्लेनिसच्या पाठीमागे उभा राहून स्वयंपाकाचं निरीक्षण करत होता. ग्लेनिस गावच्या इस्पितळात नर्स. दिवसभर रुग्णांचं ऐकून आल्यावर घरी याचं ऐकायचं.

"पाच भांडी का लागतात?" नेव्हिल विचारायचा. "आमच्या कारखान्यात एका टाकीत अख्ख्या तालुक्याचं दूध मावतं."

"मग जा आणि टाकीत जेव," ग्लेनिस म्हणायची.

त्या सोमवारी मात्र तिने चमचा खाली ठेवला. चमचा ठेवणं ही त्या घरातली गंभीर घटना होती. सोळा वर्षांच्या लेकीने, ब्रॉनीनेसुद्धा फोनमधून डोकं वर काढलं.

"उद्यापासून सोमवार ते शुक्रवार स्वयंपाक तुझा," ग्लेनिस म्हणाली. "उद्या तू केलेलं आम्ही दोघींनी ताट साफ करून खाल्लं, तर स्वयंपाकघर तुझं. नाही खाल्लं, तर रजा संपेपर्यंत स्वयंपाकघराबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

नेव्हिल हसला. त्याने फोनवर आधीच बघून ठेवलं होतं. बीफचा खिमा, कांदा, टोमॅटो, पास्ता, वरून क्रीम. सगळं एका पातेल्यात, अर्ध्या तासात, एक चमचा आणि शून्य कटकट. गप्प बसण्याची अट त्याने लक्षपूर्वक ऐकलीच नाही. ऐकली असती तर घाम फुटला असता. नेव्हिलला दम्याचा त्रास परवडला असता, मौनाचा नाही.

"पातेलं समोरच्या बेव्हकडे आहे," ग्लेनिस म्हणाली. "फुटबॉल क्लबच्या सूपसाठी नेलं होतं. घेऊन ये."

मंगळवारी सकाळी ग्लेनिसने गाडीत दोन भल्या मोठ्या बॅगा टाकल्या. त्यात जुने कपडे होते, वाटेत चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायला. सोबत बैठकीच्या खोलीतला दिवा, जो तिला लग्नापासून आवडत नव्हता. उशीर झाला होता, म्हणून मागे वळूनही न बघता ती निघाली. नेव्हिल रात्रीच्या कपड्यांत फाटकाशी उभा राहून गाडीकडे बघत राहिला. तो मनात पास्ता ढवळत होता. समोरच्या घरातली बेव्ह ट्राउन्सन फुलझाडांना पाणी घालत होती. ते पाणी बराच वेळ एकाच झाडाला पडत राहिलं.

दुपारी नेव्हिलने कांदे चिरले. कांदे त्याच्यावर सूड उगवल्यासारखे वागले. लालबुंद डोळ्यांनी, नाक पुसत तो बेव्हच्या दारात उभा राहिला.

"आमचं मोठं पातेलं तुझ्याकडे आहे म्हणे."

बेव्हने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. "आत ये, राजा. बैस जरा."

"बसायला वेळ नाही. आता रात्रीचं जेवण मलाच बघायचंय."

"आजपासून?"

"आजपासून. सोमवार ते शुक्रवार."

"आणि शनिवार-रविवार?"

"त्याचं अजून ठरलं नाही. ग्लेनिसशी बोलावं लागेल."

"ब्रॉनीला सांगितलंत?"

"तिच्या समोरच झालं सगळं. काल जेवताना. मी फक्त खरं ते बोललो, तर ग्लेनिसने चमचा खाली ठेवला."

बेव्हने पातेलं दिलं, पण पातेल्याबरोबर त्याचा हातही धरला. मिरांगात बेव्ह हात धरते ती फक्त अंत्ययात्रेला. 'हिला वाटतंय मला पास्ता जमणार नाही,' नेव्हिलने निष्कर्ष काढला आणि दुखावल्या मनाने रस्ता ओलांडला.

आता मिरांगाची एक रीत आहे. कुणावर दुःख कोसळलं की तिथे कुणी काही विचारत नाही. विचारणं असभ्य समजतात. लोक भट्टीत भाजलेल्या जेवणाचं भांडं आणून हातात देतात, हवापाण्याबद्दल दोन शब्द बोलतात आणि जातात. कारण ज्याचं त्याला माहीत. नेव्हिलनेही आजवर कितीतरी घरी अशी भांडी पोहोचवली होती, म्हणजे ग्लेनिसने केलेली.

खिमा परतून झाला, टोमॅटो पडले, पाणी पडलं, कच्चा पास्ता आत गेला. फोनमधली बाई म्हणाली, "आता ढवळत राहा, हात थांबवू नका." नेव्हिलने चमचा हातात घेतला आणि दारावरची घंटा वाजली.

दारात महिला मंडळाची डॉट हॅलिनन. हातात काचेचं भांडं, त्यात ट्यूना मासा आणि वर वितळलेलं चीज.

"फक्त गरम कर, राजा. गारठा पडणार म्हणतात."

"डॉट, माझा पास्ता शिजतोय."

"शिजू दे हं, शिजू दे," डॉट म्हणाली. लहान मूल वाळूचा केक करतं तेव्हा आपण ज्या आवाजात कौतुक करतो, त्या आवाजात. मग ती जरा वेळ त्याच्या खांद्यावर थोपटत उभी राहिली. नेव्हिलच्या खांद्याला सहानुभूती मिळत असताना पातेल्याच्या बुडाला पास्ता चिकटत होता.

तो परत पातेल्याशी पोहोचतो न पोहोचतो तोच पुन्हा घंटा. मग पुन्हा. कुणी जर्दाळू घातलेलं चिकन आणलं, कुणी भोपळ्याचं सूप, कुणी मॅकरोनी. प्रत्येक जण "फक्त गरम कर" म्हणे, प्रत्येक जण खांदा थोपटे. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणींची नावं होती, म्हणजे कोणाकोणाचा त्याच्या पास्त्यावर विश्वास नाही हे अगदी लेखी होतं. फ्रीजमध्ये जागा संपली तेव्हा त्याने भांडी कपडे धुण्याच्या मशीनवर रचली.

त्याला पास्ता जमणार नाही असं बेव्हने सगळ्या गावाला सांगितलेलं दिसत होतं. नेव्हिलचा संताप पास्त्याबरोबरच आटत आणि घट्ट होत चालला. त्याच्या एकट्याच्या नियोजनाविरुद्ध अख्खं गाव भट्ट्या पेटवून उभं होतं. या भानगडीत ढवळणं राहिलंच. बाईने सांगितल्याप्रमाणे त्याने क्रीम ओतलं, पण थोडं थोडं नाही, अपमानित माणूस ओततो तसं एकदम.

एवढ्यात बाहेर यंत्राची घरघर ऐकू आली. फुटबॉल क्लबचा डेस न विचारता नेव्हिलच्या अंगणातलं गवत कापत होता.

मागच्या दाराने ब्रॉनी शाळेतून आली. मशीनवरच्या भांड्यांच्या मनोऱ्याकडे बघून ती जागीच थांबली.

"बाबा, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. हा माझा अपमान चाललाय."

"आणि डेस काका गवत का कापतायत?"

"तोही अपमानच आहे."

नेव्हिल चमचा हातात घेऊनच बाहेर गेला. "डेस, बंद कर ते. मला मदत नको. मला सगळं जमतं. बायकोशिवाय जमतं, हे मी आज दाखवून देणार आहे सगळ्यांना."

डेसने यंत्र बंद केलं. त्या आडदांड माणसाने डोक्यावरची टोपी काढली. "हे बोलायला छाती लागते, गड्या," तो म्हणाला आणि त्याने नेव्हिलला चमच्यासकट मिठीत घेतलं.

त्याच मिठीच्या वेळी ग्लेनिसची गाडी आली.

ती उतरली तेव्हा डेसने नेव्हिलला सोडलं आणि नजर फिरवली. समोरून बेव्ह लझानियाचं भांडं घेऊन रस्ता ओलांडत होती, ती अर्ध्यातच थबकली. मग निर्धाराने पुढे आली.

"परत आलीस ते बरं केलंस गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"ड्यूटी संपल्यावर दुसरीकडे कुठे जाऊ?" ग्लेनिस म्हणाली.

"बॅगा कुठायत?"

"दिल्या ना. चर्चच्या दुकानाला. तो भयंकर दिवासुद्धा घेतला त्यांनी." ग्लेनिसने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बेव्ह, लझानिया, डेस, अर्धं कापलेलं गवत, खिडकीतून दिसणारा भांड्यांचा मनोरा. तीही मिरांगाचीच होती. तिला एका क्षणात कळलं. ती गाडीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

नेव्हिलला कळायला थोडा जास्त वेळ लागला. "म्हणजे," तो एकेक शब्द तोलत म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना वाटलं, ही मला सोडून गेली?"

डेस वाकून यंत्राचं पातं तपासू लागला.

"कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

"असं विचारतात का कुणी," बेव्ह म्हणाली.

"आणि कुणालाच नवल वाटलं नाही?"

"मला वाटलं ना," बेव्ह म्हणाली. "मला वाटलं होतं, तुझ्या रजेच्या पहिल्याच आठवड्यात जाईल."

"भांडी परत न्या," नेव्हिल गरजला. "सगळी. आत्ताच्या आत्ता."

"भरलेलं भांडं परत नेत नाहीत, राजा," बेव्ह म्हणाली आणि लझानिया ग्लेनिसच्या हातात देऊन शांतपणे घरी गेली. डेसने उरलेलं गवत तेवढं कापून टाकलं. अर्धं सोडणं त्याला बरं वाटेना.

आत टेबल मांडलं होतं. अट म्हणजे अट, म्हणून ग्लेनिसने नेव्हिलचं पातेलं मधोमध ठेवलं. चमचा त्यात ताठ उभा होता, आधार न घेता. नेव्हिलने तो ओढला. चमच्याबरोबर पास्ता वर आला, सगळाच्या सगळा, पातेल्याचा आकार घेऊन. गवंड्याने पाहिला असता तर सिमेंटमध्ये काय मिसळलं म्हणून विचारलं असतं.

सुरीने त्याचे तीन तुकडे झाले. ग्लेनिसने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"चव चांगली आहे," ती म्हणाली. रुग्णाला 'सुई अजिबात दुखणार नाही' म्हणताना तिचा आवाज तस्साच होतो.

ब्रॉनीने घास तोंडात घालून गालात ठेवला आणि नंतर पाण्याबरोबर धाडला. मग दोघी एकमेकींकडे बघून उठल्या आणि मशीनवरून जर्दाळूचं चिकन घेऊन आल्या. मागोमाग बेव्हचं लझानियाही आलं.

"हे चालणार नाही," नेव्हिल म्हणाला. "माझ्या नियोजनात एकही चूक नव्हती. मला ढवळू दिलं नाही. सतरा वेळा घंटा वाजवली. आणि हे लझानिया काय आहे? बीफचा खिमा, टोमॅटो, पास्ता, क्रीम. तेच सामान. माझंच सामान. बेव्हने फक्त थर लावलेत. आणि त्यासाठी तिने भांडी किती वापरली असतील, विचारा तिला. मी आता नगर परिषदेला पत्र—"

"स्वयंपाकघराबद्दल बोलायचं नाही," ब्रॉनी म्हणाली. "ताट साफ झालेलं नाही."

नेव्हिलने लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ग्लेनिस मान खाली घालून जेवत होती, पण खांदे हलत होते. त्याने आपला तुकडा सुरीने कापला, तोंडात घातला आणि चावायला लागला. तत्त्वासाठी माणूस काय वाटेल ते चावू शकतो, पण त्यालाही एक मर्यादा असते. मधोमध लझानियाची वाफ निघत होती. चीज कडेला तांबूस, कुरकुरीत झालं होतं. ब्रॉनीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"ग्लेनिस," बऱ्याच वेळाने नेव्हिल म्हणाला.

"ठरलंय ना आपलं?"

"मी स्वयंपाकघराबद्दल बोलत नाहीये," नेव्हिल म्हणाला. त्याने घसा साफ केला, आपली ताटली हळूच पुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कडेचा तुकडा शिल्लक असेल तर तेवढा वाढ."