गहिनीनाथची जाहीर सुधारणा

पाथर्डीच्या एसटी स्टँडमागे, सरकीच्या जुन्या गोदामात, व्यसनमुक्त निवास सुरू झाला. दारूपायी घर गेलेल्यांनी तिथे राहावं, दारू सोडावी आणि माणसात यावं, अशी योजना होती. गवंडीकाम करणारा गहिनीनाथ पहिल्याच खेपेला आत आला आणि त्याने एक गंभीर चूक केली. त्याने खरोखरच दारू सोडली.

कारण साधं होतं. बायको चांगुणा माहेरी निघून गेली होती. तिने निरोप धाडला होता, "पाडव्याला स्टँडावर उतरंन. वास न्हाई आला तर नांदायला येईन. आला तर त्याच गाडीनं माघारी." एवढ्यावर गहिनीनाथ तगून होता. हातपाय कापत, दरदरून घाम फुटे, पण पठ्ठ्या दिवसभर भिंती बांधायचा आणि संध्याकाळी गपगुमान येऊन बसायचा.

पंचाईत इथेच झाली. निवासाला पाहुणे भेट देत, आणि दारू सोडलेल्या माणसात पाहण्यासारखं काही नसतं. तो नुसता बसलेला असतो. एक पाहुणे तर जांभई देत निघून गेले. तेव्हा अध्यक्ष राधाकृष्णभाऊंनी ठरवलं, की यापुढे दारू सोडण्याचं कार्य मान्यवरांच्या समक्ष व्हावं. पाहुणा आला की गहिनीनाथने बाटली दगडावर आपटायची आणि शपथ घ्यायची.

बाटलीत सुरुवातीला कोरा चहा असे. एका साहेबांनी नाक पुढे करून विचारलं, "वास कसा येत नाही?" तेव्हापासून जप्तीच्या मालातली अस्सल हातभट्टी 'प्रात्यक्षिकासाठी' असा शेरा मारून रीतसर येऊ लागली. दुसऱ्या साहेबांना गहिनीनाथ फारच टापटीप वाटला, म्हणून त्याला दाढी करायची बंदी झाली. मग कोणी म्हणालं, हा झोकांड्या खात नाही, तर सुधारला कुठून? लगेच तालीम सुरू झाली. पूर्वी आपोआप जमणाऱ्या झोकांड्या आता गहिनीनाथला काही केल्या जमेनात. भाऊ वैतागले.

पाडव्याला अनुदान मंजूर करणारे मुंबईचे बडे पाहुणे येणार होते. स्टँडावर लोळणाऱ्या गहिनीनाथला त्यांनी हात देऊन उठवायचं, असा कार्यक्रम आखला होता.

"भाऊ, आजचा दिस सोडा मला. माजी मंडळी येतीया."

"मग उत्तमच की! तुझा उद्धार ती डोळ्यांनी बघेल."

"तिला उद्धार न्हाई बगायचा, भाऊ. तिला निस्ता वास नको."

"मी समजावतो ना तिला. आणि तू नाही म्हणालास तर अनुदान अडेल. तुझ्यापायी बाकीचे उघड्यावर पडतील."

गहिनीनाथ स्टँडावर जाऊन धुळीत आडवा झाला. भाऊंनी आपल्या हाताने त्याच्या सदऱ्यावर बाटली ओतली. "एक थेंबही पोटात जाता कामा नये हं, निवासाचा नियम आहे," असं बजावलंही.

गाडी आली. चांगुणा गाठोडं घेऊन उतरली आणि धुळीत पडलेल्या नवऱ्यासमोर थबकली.

"चांगुणे, पेलो न्हाई म्या! देवाशप्पत! ह्यो कार्येक्रम हाय!"

गर्दीत हशा पिकला. "समदे आसंच म्हनत्यात," कोणीतरी म्हणालं. भाऊ समजावणार होते, पण त्या वेळी ते पाहुण्यांना हार घालत होते. चांगुणा वाकली, तिने वास घेतला.

"निदान दाडी तरी करायची हुती," ती म्हणाली आणि पुन्हा गाडीत चढली.

गहिनीनाथ गाडीमागे धावला. स्वयंसेवकांनी त्याला धरून जागेवर आणलं, कारण पाहुण्यांनी त्याला अजून उठवलं नव्हतं. तो धुळीत बसून लहान पोरासारखा रडला. पाहुण्यांचे डोळे पाणावले. "इतका खरा पश्चात्ताप मी कुठे पाहिला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी गहिनीनाथ खरोखरच प्यायला. निवासाने त्याला नियमानुसार बाहेर काढलं.

फोटो मात्र झकास आला. तुम्हीही तो सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रात पाहिलात, "मनात आणलं तर माणूस सुधारतो बघा," असं घरच्यांना ऐकवलंत, आणि पान उलटलंत.