एका तक्रारीला एक गोळी

वर्षातून दीड महिना ज्याचं नाक त्याच्याच ताब्यात नसतं, असा माणूस तुमच्या घरी आहे का? मग भाऊसाहेबांची गत तुम्हाला कळेल.

झाडं फुलली की भाऊसाहेबांना शिंका सुटत, डोळे चुरचुरत आणि घसा खाजे. मागच्या वर्षी लेकीच्या गाण्याच्या स्पर्धेत ते ऐन आलापात अकरा वेळा शिंकले. (ते स्वतः नऊ म्हणतात.) यंदा लेकीने बजावलं, "बाबा, एक जरी शिंक आली ना, तर यापुढे माझं गाणं तुम्ही रेडिओवर लागेपर्यंत ऐकायचं नाही."

एकुलत्या एका लेकीचं गाणं! भाऊसाहेब तडक औषध आणायला निघाले.

आता हे गृहस्थ बावीस वर्षं तक्रार विभागात कारकून. एका अर्जात एकच तक्रार. दुसरी दिसली की अर्ज परत. म्हणून पहिल्या औषधवाल्यापुढे त्यांनी फक्त शिंका मांडल्या. डोळ्यांसाठी ते दुसऱ्या दुकानात गेले, घशासाठी तिसऱ्या. दुसरं काही औषध चालू आहे का, असं तिघांनीही विचारलं. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही, असं त्यांनी तिघांनाही ऐकवलं. झोप येईल, एकच गोळी घ्या, असं प्रत्येकाने सांगितलं. भाऊसाहेबांनी प्रत्येकाची एकच घेतली.

सभागृहात ते पहिल्या रांगेत बसले. शिंक नाही, खोकला नाही. बायकोने कौतुकाने वळून पाहिलं, तर मान छातीवर आणि घोरण्याला नुकती सुरुवात. समोर लेकीने आलाप लावलेला. बायकोने घाबरून कोपर मारलं, तसे भाऊसाहेब ताडकन उठून उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाला म्हणाले, "उद्या या. साहेब जेवायला गेलेत."

परीक्षकसुद्धा हसले. लेक मात्र डोळे मिटून गात राहिली.

घरी आल्यावर बायकोने चष्मा लावून पाकिटं वाचली. "अहो, तिन्हीत औषध एकच आहे की."

"पण तक्रारी तीन होत्या," एवढं म्हणून ते पुन्हा झोपले.

लेकीची अंतिम फेरीत निवड झाली आणि तिला दोन पास मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक पास आईला दिला, दुसरा बाबांच्या हातात ठेवला आणि तो मामाला नेऊन द्यायला सांगितलं.